१४ वर्षांखालून १७ वर्षांखालील गटात गेल्यावर बॅट उशिरा येते: सॉफ्टबॉलचा सराव कसा बदलावा?

कोपरखैरणेची_आई

मुलीला नुकतं चौदावं पूर्ण झालं. उजव्या हाताने बॅटिंग करते, उंची पाच फूट. गेल्या मोसमापर्यंत शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील गटात होती आणि बॉल सहज लागायचा. आता १७ वर्षांखालील गटात मोठ्या मुलींचं पिचिंग (बॉल टाकणं) समोर आलंय. दहापैकी चार बॉल सरळ चुकतात, चार फाऊल, म्हणजे रेषेबाहेर, जातात (जवळपास सगळे उजवीकडे, पहिल्या बेसच्या बाहेर) आणि उरलेले दोन दुसऱ्या बेसकडे हळू घरंगळतात.

सॉफ्टबॉलआधी ती सोसायटीत टेनिस बॉल क्रिकेट खेळायची. मैदानावर आठवड्यातून तीन दिवस सराव असतो, पण मुलं खूप, त्यामुळे तिच्या वाट्याला दिवसाला पंधरा-वीस बॉल येतात. बॅट शाळेच्या किटमधलीच, ३३ इंची. घरी इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये संध्याकाळी साधारण नऊ मीटर लांबीची जागा रिकामी मिळते. मनपा स्तरावरच्या सामन्यांना पाच आठवडे आहेत.

विचारायचं ते असं. रोज अर्धा तास मिळाला तर त्यात नेमकं काय करून घ्यावं? बॅट बदलायची गरज आहे का? आणि तिला "जोरात फिरव" असं सांगितलं जातं, पण जोर लावला की बॅट आणखी उशिरा येते. ते का?

पाय_आधी

ताई, फाऊल कुठे जातात ते तुम्ही लिहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. उजव्या हाताच्या बॅटरचे फाऊल पहिल्या बेसच्या बाजूला जात असतील तर बॅट उशिरा येतेय. तिसऱ्या बेसच्या बाजूला जात असतील तर लवकर. सरळ मागे जाळीवर जात असतील तर वेळ बरोबर आहे, फक्त उंची चुकतेय. म्हणजे तुमच्याकडे प्रश्न वेळेचा आहे, ताकदीचा नाही.

हिशेब करून बघा. मुलींच्या मोठ्या गटात पिचरची पट्टी ते होम प्लेटचं (बॅटरजवळच्या पाटीचं) मागचं टोक हे अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. प्लेटची खोली १७ इंच, आणि पिचर पाऊल टाकून पट्टीच्या सव्वा ते दीड मीटर पुढून बॉल सोडते. म्हणजे बॉल हातातून सुटल्यापासून प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत साधारण ११.३ मीटर जातो.

ताशी ५४ किलोमीटरचा बॉल हे अंतर पाऊण सेकंदात कापतो. ताशी ७२ चा ०.५७ सेकंदात. ताशी ९० चा ०.४५ सेकंदात.

या वयाच्या मुलीला बॅट निघाल्यापासून बॉलला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद लागतात. आता वरचे पहिले दोन आकडे पुन्हा बघा. ५४ वरून ७२ वर गेल्यावर जवळपास एका पूर्ण स्विंगइतका वेळ हातातून गेला. तो जोर लावून परत मिळत नाही. स्विंग अगदी दहा टक्क्यांनी जलद झाला तरी ०.०२ सेकंद वाचतील, आणि तेवढ्यासाठी महिनोन्महिने मेहनत लागते. सुरुवात लवकर केली तर ०.१ सेकंद पहिल्याच आठवड्यात मिळतो.

जोर लावला की उशीर का वाढतो, त्याचं कारण सरळ आहे. जोर लावायचा म्हटलं की मूल बॅट घट्ट आवळतं, हात मागे लांब नेतं आणि पाऊल मोठं टाकतं. मनगट आखडतं, बॅटचा रस्ता लांबतो, पाय उशिरा टेकतो. आणि पाय टेकल्याशिवाय कंबर वळत नाही, कंबर वळल्याशिवाय बॅट निघत नाही.

म्हणून पहिलं काम पाय. पिचरचा हात गोल फिरतो, त्याला आपली हालचाल बांधून टाका. बॉल मांडीजवळून पुढे-वर निघाला की वजन मागच्या पायावर. पिचरचा हात डोक्याच्या वर असताना पुढचा पाय जमिनीवरून सुटलेला. बॉल कमरेपाशी सुटताच पाय टेकलेला. पाऊल एका वितीएवढंच, टाच नंतर टेकली तरी चालेल, पण अंगठ्याकडचा भाग जमिनीला लागलेला हवा. पाय टेकला म्हणजे स्विंग सुरू असं नाही. पाय टेकतो, वजन मागे राहतं, हात खांद्यापाशी थांबतात, आणि मग डोळे ठरवतात. मुलींना एवढंच सांगायचं, "लवकर निघ, पण सावकाश निघ."

पहिले तीन-चार दिवस बॉलच नको. तुम्ही समोर उभ्या राहून रिकाम्या हाताने पिचरसारखा हात फिरवा, तिने फक्त वजन आणि पाय. पंचवीस वेळा. त्यातले पाच वेळा पाय टेकल्यावर तिला तिथेच थांबवा आणि बघा, डोकं दोन्ही पायांच्या मधोमध आहे का, हात मागे आहेत का. डोकं पुढच्या पायावर गेलं असेल तर ती पाऊल टाकत नाहीये, पुढे पडतेय.

मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये एक व्हिडिओ घ्या आणि आकडे इथे टाका. कॅमेरा पहिल्या बेसच्या बाजूला, जाळीमागे, पिचर आणि तुमची मुलगी दोघी एका चौकटीत येतील असा. बहुतेक फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रांचा पर्याय असतो, तो बघताना आठपट सावकाश चालतो. म्हणजे स्टॉपवॉच लावून मोजा आणि आलेल्या आकड्याला ८ ने भागा. फोन १२० चा असेल तर ४ ने. तीन गोष्टी मोजायच्या: बॉल सुटल्यापासून प्लेटपर्यंत, बॉल सुटल्यापासून पाय टेकेपर्यंत, आणि बॅट निघाल्यापासून बॉलच्या रेषेत येईपर्यंत. एका बॉलवर विसंबू नका, पाच-सहा बॉलांची सरासरी घ्या.

गल्लीतून_डायमंडवर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. क्रिकेटमधून आलेल्या मुलांबद्दल थोडं लिहितो, कारण ठाणे-नवी मुंबईत जवळपास प्रत्येक मूल क्रिकेट खेळूनच सॉफ्टबॉलला येतं.

क्रिकेटमध्ये बॉल टप्पा पडून येतो आणि डोळ्यांना टप्प्याची वाट बघायची सवय असते. सॉफ्टबॉलमध्ये टप्पा नाही. ही मुलं बॉल अर्ध्या वाटेत येईपर्यंत नकळत थांबतात. मंद पिचिंगला ते खपून जातं, वेगवान पिचिंगला उघडं पडतं. त्यांची नजर सुरुवातीपासून पिचरच्या कमरेजवळच्या हातभर चौकोनावर हवी. बॉल तिथूनच सुटणार असतो. पिचर तयारीत असताना तिच्या छातीकडे किंवा टोपीकडे सैल नजर ठेवायची आणि हात खाली येऊ लागला की त्या चौकोनात आणायची. आधीपासून तिथे टक लावली तर डोळे थकतात, आणि फिरणाऱ्या हाताच्या मागे नजर फिरवली तर बॉल सुटताना हरवतो.

दुसरी सवय ग्रिपची. क्रिकेटची बॅट तळव्यात धरतात, ही बोटांत धरायची. दार ठोठावताना बोटांची जी पेरं लागतात, ती दोन्ही हातांची एका रांगेत आणा. खालचा हात फार आवळलेला नको. बघायचं असेल तर ती तयारीत उभी असताना बॅटचं टोक दोन बोटांनी हलवा. सहज हललं तर पकड बरोबर.

तिसरं, पुढचं कोपर वर काढून बॅट सरळ खाली आणायची सवय. इथे बॅट खांद्यापासून थेट बॉलच्या रेषेत यायला हवी, बगल न उघडता. घरच्या घरी तपासणी: भिंतीकडे तोंड करून उभं करा, भिंत आणि पोट यांत बॅटच्या लांबीएवढंच अंतर. बॅट सावकाश फिरवताना टोक भिंतीला घासलं तर हात आधीच लांब सुटतायत. रोज दहा वेळा, एकदम सावकाश.

आता बॅट. ३३ इंच तिला लांब आहे. पाच फूट उंचीच्या मुलीला ३० किंवा ३१ इंच पुरते, वजन २० ते २१ औंस, म्हणजे ५७० ते ६०० ग्रॅमच्या आसपास. शाळेच्या किटमध्ये सगळ्या मुलांना मिळून एक-दोन बॅट असतात आणि त्या मोठ्या मुलांच्या मापाने घेतलेल्या असतात. वजन जमतं का ते बघायचं तर तिला बॅटची मूठ एका हाताने धरून हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ ठेवायला सांगा. वीस सेकंदांच्या आत हात थरथरून खाली येऊ लागला तर बॅट जड आहे.

लगेच नवी घ्यायलाच हवी असं नाही. तीच बॅट दीड-दोन इंच वर धरायला लावा. वजन तेवढंच राहतं, पण फिरवताना जाणवणारा जडपणा खूप कमी होतो, कारण टोकाकडचं वजन हाताच्या जवळ येतं. मुठीपाशी मापाने रंगीत चिकटपट्टी गुंडाळून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी हात तिथेच पडेल. घ्यायचीच असेल तर मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत तिला बरोबर घेऊन जा, तीन-चार बॅट हातात धरून फिरवू द्या. लांबी आणि वजन दोन्ही बॅटवर छापलेलं असतं. शालेय स्पर्धेत कोणती बॅट चालते ते मात्र आधी शाळेतल्या सरांना विचारा.

कॅचरमागचा

सोपा उपाय राहिला. तिला बॉक्समध्ये मागे उभं करा. बॅटरचा बॉक्स सात फूट लांब असतो, प्लेटच्या मध्यरेषेपासून चार फूट पुढे आणि तीन फूट मागे. बरीच मुलं सवयीने मधोमध उभी राहतात. दीड फूट मागे सरकली तर ताशी ७२ च्या बॉलला ०.०२ सेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. वर लिहिलंय त्याप्रमाणे स्विंग दहा टक्के जलद करून जेवढा मिळाला असता, तेवढा इथे फुकट.

पाय_आधी

हे जरूर करावं, पण त्याची किंमतही कळली पाहिजे. मागे उभं राहिलं की खाली वळणारा बॉल तिच्यापर्यंत येईतो आणखी खाली गेलेला असतो, आणि बाहेर जाणारा आणखी बाहेर. समोरची पिचर नुसती वेगवान असेल तर मागे उभं राहावं. तिच्याकडे चांगला ड्रॉप (खाली वळणारा बॉल) असेल तर पुढे सरकलेलं बरं, बॉल वळायच्या आत गाठता येतो. पहिल्या इनिंगमध्ये डगआऊटमधून बघून ठरवायची ही गोष्ट आहे. सरावात कायम मागेच उभं केलं तर उशिरा निघायची सवय तशीच राहते आणि मागे सरकल्याने मिळालेला वेळ त्यातच जातो.

कोपरखैरणेची_आई

सगळ्यांचे आभार. व्हिडिओ घेतला, फोन आठपट सावकाश दाखवतो. सहा बॉलांची सरासरी अशी आली: बॉल सुटून प्लेटपर्यंत ४.४ सेकंद, बॉल सुटल्यापासून पाय टेकेपर्यंत ३.० सेकंद, बॅट निघून बॉलच्या रेषेत येईपर्यंत १.७ सेकंद. सगळ्याला ८ ने भागायचं ना?

आणखी एक. बॉल अंगाच्या जवळून आला की तिचा पुढचा पाय तिसऱ्या बेसकडे पळतो. मग पुढचे दोन-तीन बॉल लांबूनच खेळते.

पाय_आधी

हो, ८ ने. म्हणजे बॉलला ०.५५ सेकंद, वेग ताशी ७४ च्या आसपास. पाय टेकला ०.३७५ ला. त्यात स्विंगचे ०.२१ मिळवले तर बॅट पोहोचते ०.५८५ ला. ०.०३५ सेकंदांचा उशीर. ऐकायला नगण्य वाटतं, पण तेवढ्यात हा बॉल सत्तर सेंटीमीटर पुढे निघून जातो. ती जिथे मारायला जातेय तिथून बॉल कॅचरकडे गेलेला असतो. फाऊल उजवीकडे का जातात, ते इथे स्पष्ट दिसतं.

तिचा स्विंग ठीक आहे, ०.२१ हा या वयाला चांगला आकडा आहे. त्याला हात लावू नका. फक्त पाय ०.३७५ वरून ०.१५ च्या आत आणायचा. आठपट सावकाश व्हिडिओत तो ३ सेकंदांवरून सव्वा सेकंदाच्या आत दिसला पाहिजे. दर रविवारी हा एकच आकडा मोजा, वहीत लिहा. हिट किती लागले ते पहिले दोन आठवडे लिहूच नका, कारण सुरुवातीला ती लवकर जाईल आणि फाऊल तिसऱ्या बेसकडे जायला लागतील. ती सुधारणाच आहे. तिथून परत मध्ये आणणं सोपं असतं.

पार्किंगमधला सराव असा ठेवा. तुम्ही सहा मीटरवरून खालून टाका. सहा मीटरवरून ताशी ४० च्या वेगाने आलेल्या बॉलला ०.५४ सेकंद लागतात, म्हणजे तिच्या डोळ्यांना हा बॉल मैदानावरच्या ७५ इतकाच. ताशी ४० म्हणजे फार जोर नाही, साधी टणक फेक. बरोबर पडतेय का ते त्याच स्लो मोशनने तपासा: हातातून सुटून बॅटपर्यंत ४.३ सेकंद. टाकताना प्रत्येक वेळी हात पूर्ण गोल फिरवा, नाहीतर तिला पाय बांधायला काही खूणच मिळणार नाही. ही चूक सगळेजण करतात. नुसती समोरून टॉस टाकतात, मुलगी छान मारते, आणि मैदानावर पुन्हा उशीर.

जवळून टाकलेल्या बॉलचा उतार जास्त तिरपा असतो, तो मैदानासारखा नाही. म्हणून पार्किंगमधल्या सरावाने वेळ जमेल, उंचीचा अंदाज मैदानावरच पूर्ण अंतरावरून जमेल. तिथे मिळणारे पंधरा-वीस बॉल त्यासाठी राखून ठेवा.

किती मारायचे? आठ बॉलांचा एक गट, मग पाऊण मिनिट थांबायचं, असे आठ गट. साठ-पासष्ट स्विंग पुरे. शेवटच्या गटात मागचं कोपर खाली पडायला लागलं किंवा बॅट बॉलच्या खालून जायला लागली तर तिथेच थांबा. थकलेल्या अंगाने मारलेले शंभर बॉल चुकीचीच सवय लावतात.

डोळे_बॉलवर

नजरेसाठी एक गोष्ट आवर्जून करा, ती अगदी फुकट आहे आणि तरी कोणी करत नाही. मैदानावर पिचर कॅचरबरोबर सराव करत असतात, तेव्हा मुलीला हेल्मेट घालून, बॅट घेऊन बॉक्समध्ये उभं करा. बॅट फिरवायची नाही. वजन मागे, पाय टेकला, आणि बॉल कॅचरच्या हातात जाईपर्यंत डोक्याने आणि डोळ्यांनी पाठलाग. बॉल सुटल्या सुटल्या मोठ्याने सांगायचं, "हो" किंवा "नाही". हो म्हणजे मारण्याजोगा. कॅचर नंतर सांगेल बरोबर की चूक. दिवसाला पंचवीस बॉल. पिचरलाही समोर बॅटर मिळते, त्यामुळे सर नाही म्हणणार नाहीत. पिचरला मात्र आधी विचारा, आणि बॅट फिरणार नाही हे कॅचरला स्पष्ट सांगा.

पहिल्या दिवशी "हो-नाही" फार उशिरा येतं, बॉल जवळपास पोहोचल्यावर. आठवडाभरात ते अर्ध्या वाटेच्या आधी यायला लागतं. हेच हवंय.

घरी टेनिस बॉलवर मार्करने मोठे आकडे लिहा, १ ते ५. तुम्ही टाका, तिने आकडा ओळखून बॉल झेलायचा. पंधरा बॉल, दोन मिनिटं.

वेगवान पिचिंगला मुलं वरचे बॉल फार मारायला जातात, कारण डोळ्यांच्या रेषेतला बॉल मोठा दिसतो. नियम एकच ठेवा: बॉल सुटल्यावर हातांच्या वर दिसला तर सोडायचा. हे टॉसमध्येच शिकवा. आठपैकी दोन बॉल मुद्दाम खांद्याच्या उंचीवर टाका. तिने ते सोडले तर त्याची तारीफ हिटइतकीच करा.

आणि प्रत्येक सत्राची सुरुवात दहा बंटने, म्हणजे बॅट न फिरवता बॉलला नुसती लावून. बंट करताना बॉल बॅटला लागेपर्यंत बघावाच लागतो, त्यामुळे डोळे लगेच वेगाला बसतात.

गल्लीतून_डायमंडवर

पाय बाहेर पळण्याबद्दल. ती भीती आहे आणि ती खरी आहे, १९० ग्रॅमच्या आसपासचा बॉल ताशी ७४ च्या वेगाने अंगावर येतो. "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही. तिला अंग वळवायला शिकवा. बॉल अंगावर आला की पुढचा खांदा कॅचरकडे, हनुवटी छातीला, बॅट खाली आणि पाठ बॉलकडे. छाती पिचरकडे कधीच उघडायची नाही. जुने मोजे गुंडाळून केलेल्या बॉलने रोज दहा वेळा करा: सहा बॉल मारायचे, त्यात मध्येच चार अंगावर, न सांगता. अंग वाचवता येतं हे शरीराला एकदा कळलं की पाय आपोआप जागेवर राहतो.

पायाची सवय मोडायला तिच्या पुढच्या टाचेमागे, तिसऱ्या बेसच्या बाजूला, एक जुनी चप्पल ठेवा. पाय पळाला की चपलेवर पडेल, तिला स्वतःलाच कळेल. वीट, दगड, बॅट असलं काही ठेवू नका, घोटा मुरगळतो.

हेल्मेट दोन्ही कान झाकणारं, शक्य तर चेहऱ्यापुढे जाळी असलेलं, आणि हनुवटीचा पट्टा लावलेला. ढिलं हेल्मेट डोकं वळवताना डोळ्यांवर येतं. मग मुलगी बॉल न दिसल्यामुळेही घाबरते, आणि आपण उगाच तिच्या धीराला दोष देतो.

स्टिल्ट_पार्किंग

तुमच्या जागेपुरतं लिहितो. मागे कबुतरांची जाळी लावा, नायलॉनची, दुकानात मीटरवर मिळते. ३ मीटर बाय अडीच मीटर पुरे. दोन खांबांमध्ये वरून दोरी ओढून पडद्यासारखी सैल टांगा, भिंतीपासून किमान फूटभर सुटी. ताणून बांधली तर बॉल उसळून मुलीच्या पाठीत येतो. खालची कड जमिनीवर वीतभर लोळू द्या म्हणजे बॉल खालून गाड्यांकडे जात नाही. दुसरा तसाच तुकडा तुमच्यामागे, कारण मारलेला बॉल तिकडेच येणार. ही जाळी फक्त हलक्या बॉलसाठी. खरा सॉफ्टबॉल ती दोन दिवसांत फाडेल, आणि पार्किंगमध्ये तो मारायचाही नाही.

बॉल मोज्यांचे करा. दोन-तीन जुने सुती मोजे एकात एक कोंबून, घट्ट गोळा करून वरून कापडी चिकटपट्टी आडवी-उभी. मूठभर मोठा झाला पाहिजे, फार छोटा नको. बारा बॉल केले की गोळा करण्यात वेळ जात नाही. एका बॉलला साधारण आठवडाभराने नवी पट्टी लागते. टेनिस बॉलने मारत असाल तर सहा मीटरवर टाकणाऱ्यापुढे आडोसा हवाच. मोज्यांच्या बॉललाही डोळ्यांवर चष्मा असू द्या.

बॅट फिरताना आसपास कोणी नको. खडूने तिच्याभोवती तीन मीटरचं वर्तुळ काढा, लहान मुलं आत आली की सराव बंद. आठच्या आधी संपवा आणि सोसायटीला आधीच सांगून ठेवा.

पाऊस असेल तर मैदानावर ओला चामड्याचा बॉल मारू नका. पाणी पिऊन तो जड होतो, बॅटला आणि मनगटांना दोन्हीला त्रास.

कोपरखैरणेची_आई

दोन आठवडे झाले. पाय टेकण्याचा आकडा ३.० वरून १.६ वर आलाय. फाऊल आता दोन्ही बाजूंना जातात, काही सरळ मागेही. पण काल एका मुलीने मध्येच हळू बॉल टाकला आणि ही पार पुढे जाऊन पडली. पुन्हा उशिरा निघायला सांगायचं का?

पाय_आधी

अजिबात नाही. १.६ म्हणजे ०.२ सेकंद, उत्तम चाललंय. पाय लवकरच टेकू द्या. हळू बॉलला ती पुढे पडली कारण पायाबरोबर हातही निघाले. पाय आणि हात वेगळे करायचे एवढंच आता बाकी आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून आठ बॉलांत दोन हळू टाका, क्रम न सांगता, हात फिरवायचा वेग तोच ठेवून. हात हळू फिरवलात तर तिला आधीच कळेल आणि सराव वाया जाईल. बॉल तळव्यात खोल धरून टाकला की हात जोरात फिरूनही तो हळू सुटतो. पाय टेकल्यावर तिने मागच्या मांडीत ताण जाणवतोय का तेवढंच बघायचं. ताण असेल तर ती थांबू शकते. नसेल तर वजन पुढे गेलंय. हळू बॉल आला तरी मारायलाच हवा असं नाही. पहिले काही दिवस तो नुसता बघून सोडला तरी बरोबर धरा.

मनात मात्र कायम वेगवान बॉलची तयारी. वेगवान बॉल गृहीत धरून हळूसाठी थांबता येतं, उलटं जमत नाही. प्रत्येक बॉल मारायचाच आहे असं ठरवून निघायचं आणि "नाही" दिसलं की थांबायचं. बघून मग ठरवू म्हणणारी बॅटर ७४ ला उशिराच येते.

मोठ्या खेळाडूंचे पाय बघायचे असतील तर टोकियो ऑलिंपिकचा, २०२१ मध्ये झालेला अंतिम सामना दाखवा. जपानने अमेरिकेला २–० हरवलं तो. युकिको उएनो पिचिंग करत असताना बॉलकडे न बघता फक्त बॅटरच्या पुढच्या पायाकडे बघायला सांगा. दहा बॅटर बघितल्या की पाय केव्हा टेकतो ते तिला स्वतःलाच दिसेल.

कॅचरमागचा

सामन्याच्या दिवसाचं थोडं. ऑन-डेक, म्हणजे आपल्या बॅटिंगची वाट बघत असताना बहुतेक मुली जड बॅट फिरवत राहतात. त्यापेक्षा पिचरच्या प्रत्येक बॉलला वजन मागे, पाय टेक, एवढंच करू द्या. चार-पाच बॉल मिळतात, तेवढ्यात तिचा वेग अंगात बसतो. दोन बॅट एकदम फिरवणं टाळा, त्यानंतर आपली बॅट हलकी वाटते पण वेळेचा अंदाज बिघडतो.

बॉक्समध्ये गेल्यावर पहिला बॉल मारण्याजोगा असेल तर मारायचा. वेगवान पिचरविरुद्ध दोन स्ट्राईक होईपर्यंत थांबण्यात काही हशील नाही. दोन स्ट्राईक झालेच तर बॅट आणखी इंचभर वर धरायची, पाऊल टाकायचंच नाही, फक्त पुढची टाच उचलून टेकवायची, आणि बॉल उजवीकडे ढकलायची तयारी ठेवायची.

आणि पंचवीस बॉलांचं ते "हो-नाही" सामन्याच्या आदल्या दिवशीही करून घ्या. त्या दिवशी स्विंग वीसच, तेही टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर). टी नसेल तर रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट भरून प्लॅस्टिकचा पाईप उभा करा, वर गाडीच्या रेडिएटरचा जुना रबरी होज बसवा. गॅरेजवाला असाच देतो. उंची तिच्या कमरेएवढी, आणि बॉल पुढच्या पायाच्या थोडा पुढे येईल अशी बादली ठेवा. पोटासमोर ठेवलात तर टीवरही उशिरा मारायचीच सवय लागेल.